अंगठा येईपर्यंत

गेल्या वर्षीच्या दत्तजयंतीपर्यंत आमच्या घरात गरम जेवण कुणाच्या नशिबी नव्हतं. माझी सून जुईली हिच्या हाताला चव आहे, शेगडी नवी आहे, मायक्रोवेव्हसुद्धा आहे. पण ताटं वाढली की आधी त्यांचा फोटो काढायचा, तो 'तेज परिवार' नावाच्या ग्रुपवर टाकायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. कासारसाई धरणाच्या मागच्या अंगाला तेजोदादांचा आश्रम आहे. तिथून त्या फोटोवर अंगठा आला, फोनवर येतो तो पिवळा, वर केलेला, की ताटाचा प्रसाद व्हायचा. मग तसंच जेवायचं, प्रसाद पुन्हा गरम करायचा नाही. अंगठा येईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही.

सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, सगळ्याला हेच. भूगावातल्या आमच्या सोसायटीत अशी बरीच घरं होती. दुपारी एकच्या सुमाराला तुम्ही जिन्यातून गेलात, तर प्रत्येक मजल्यावर फोडणीचा वास यायचा आणि भांड्यांचा आवाज मात्र कुठूनच यायचा नाही.

आणखी एक नियम होता. ताट नैवेद्याचं, म्हणून स्वयंपाक करताना चव घ्यायची नाही. नैवेद्याची चव घेत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. माझ्या सासूबाई गणपतीच्या मोदकांचं सारण कधी चाखत नसत. पण ते वर्षातून एकदा! इथं रोजच्या दोडक्याच्या भाजीलाही तोच नियम. आणि एकदा प्रसाद झाला म्हटल्यावर त्याला नावं ठेवायची नाहीत. मीठ राहिलं तरी गप्प, दुप्पट पडलं तरी गप्प. लग्न होऊन आली तेव्हा जुईली पहिला घास घेतला की माझ्याकडे बघायची, "आई, कशी झालीय?" म्हणून विचारायची. मीही मास्तरीण, खरं तेच सांगायची, आणि मग आम्ही दोघी त्यावर वाद घालायचो. तो वाद बंद झाला. ती विचारेनाशी झाली आणि हळूहळू स्वयंपाकही कसातरी उरकायला लागली.

मी आशालता. औशाजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीची सगळी वर्षं काढली. हे गेल्यावर दिगू, म्हणजे माझा मुलगा दिग्विजय, मला इकडे घेऊन आला. मी मुळात ऐकून घेणारी बाई नाही. वर्गात मी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला तरी मुलं चिडीचूप व्हायची. पण घर मुलाचं, अन्न मुलाचं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलगा माझा. मी गप्प बसायचे ते त्याच्याकडे बघून.

दिगू मूर्ख नाही. हिंजवडीत मोठ्या कंपनीत होता. एक दिवस त्या कंपनीनं त्याच्यासारख्या बऱ्याच जणांना घरी बसवलं. तो बाल्कनीत बसून चांदणी चौकाकडे जाणाऱ्या गाड्या बघत राहायचा. दाढी वाढली, बोलणं आटलं. तेव्हा समोरच्या फ्लॅटमधला कौस्तुभ त्याला आश्रमात घेऊन गेला. हे तेजोदादा पूर्वी कंपन्यांमधून ताण कमी करायची शिबिरं घेत. आता पांढरा सदरा घालून आसनावर बसतात, एवढाच फरक. पण खरं सांगायचं तर त्या माणसांनी दिगूला धीर दिला. घरी डबे आले. परिवारातल्याच कुणीतरी शब्द टाकून त्याला नवी नोकरी लावून दिली. हे मी आजही नाकारत नाही. बुडत्याला हात दिला, पण काठावर आल्यावरही तो हात सोडीना, ही माझी तक्रार.

आधी फक्त रविवारचा सत्संग होता. मग गाडीचा रंग दादांना विचारून ठरला. मग साहेबांना सुट्टीचा मेल पाठवायचा तरी दादांना विचारून. केस कधी कापायचे, पडदे कुठले घ्यायचे, औशाला जायचं की नाही. शेवटी ताटापर्यंत आलं. एकदा मी त्याला स्पष्टच विचारलं, "दिगू, तुला स्वतःचं डोकं आहे की नाही?" त्यावर तो हसला आणि म्हणाला, "आई, किती हलकं वाटतं तुला कल्पना नाही. काही ठरवावंच लागत नाही." मला त्या हसण्याची भीती वाटली. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

अडचण अशी की मला साखर. जेवणाआधी इन्सुलिनची सुई घ्यायची आणि लगेच जेवायचं. सुई घेतली आणि पोटात काही गेलं नाही, तर हातपाय कापायला लागतात, पुढचं बोलायला नको. दिगूनं हे दादांना विचारलं. उत्तर आलं, 'श्रद्धेनं थांबा, अंगठा वेळेवर येईल.' बहुतेक वेळा यायचाही. पण कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मी फोटो गेल्याबरोबर उठायचे, "हात धुऊन येते" म्हणायचे, बाथरूमची कडी लावायचे आणि पदराच्या गाठीतला राजगिऱ्याचा लाडू खायचे. या वयात, पेन्शन घेणारी बाई, नळ सोडून लाडू चावते आहे! मला माझंच हसू यायचं आणि त्या हसण्याच्या मागून संताप यायचा.

सुया आणायला मी सोसायटीच्या फाटकाजवळच्या अतुलच्या मेडिकलमध्ये जायचे. दुकान अतुलचं, पण दुपारी स्टुलावर त्याची आई बसलेली असायची, प्रभावतीबाई. मूळच्या भुकूम गावठाणातल्या. डोक्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, समोर खोकल्याच्या बाटल्या, आणि तोंडाला फाटक नाही. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. लाडवाची गोष्ट मी फक्त त्यांनाच सांगितली होती.

"आन् त्या दादाला जेवायला कुनाचा अंगठा लागतुया?" त्यांनी विचारलं.

"त्यांना कशाला लागेल?"

"मंग त्यो जेवतुया गरम, आन् तुमी नळ सोडून लाडू खाताय. बरं हाय की."

मी म्हटलं, "देवाधर्माच्या नावावर चालतं हो सगळं."

"आमच्यात न्हाईत व्हय असलं? हायेत की. कापडं निराळी, बसायची जागा तीच." मग त्यांनी जरा पुढे वाकून विचारलं, "मास्तरीणबाई, एक इचारू? राग नका मानू. तुमचं मालक जित्तं व्हतं तवा त्यांच्या आदी तुमी कदी जेवलाव?"

"नाही."

"भूक लागली तरी?"

"तशी रीतच होती. हे शेतावरून येईपर्यंत मी थांबायची. दिगू पण थांबायचा."

"मंग पोरानं नवीन काय केलं?" असं म्हणून त्यांनी माझ्या सुया पिशवीत घातल्या.

मला राग आला. मी चार दिवस मेडिकलकडे फिरकलेच नाही. पण वाक्य डोक्यातून जाईना.

पुढचं सगळं त्या लाडवामुळे घडलं. माझी नात किमया दुसरीत आहे. आश्रमात दर रविवारी मुलांचा 'सत्यवर्ग' भरायचा. मुलांनी गोल करून बसायचं आणि आठवड्यात घरी काय काय झालं ते खरं खरं सांगायचं. आईबाबा भांडले का, कुणी दादांबद्दल काय बोललं का. जे मूल जास्त खरं बोलेल त्याला चांदणी. आमचे दादा लोकांच्या मनातलं ओळखतात, असं कौस्तुभ डोळे मोठे करून सांगायचा. ओळखणारच! घरोघरी एवढे एवढे बातमीदार नेमल्यावर कोण ओळखणार नाही?

एकदा कडी नीट लागली नाही आणि किमयानं मला लाडू खाताना बघितलं. त्या रविवारी ती कपाळावर चांदणी लावून आली आणि माझ्याकडे बघेना. संध्याकाळी दिगूच्या फोनवर दादांचा निरोप आला. 'घरात चोरून अन्न खाल्लं जातं. अशा हवेत किमयाचं तेज टिकणार नाही. ती माझी मुलगी आहे. दत्तजयंतीला तिला बालगुरुकुलात आणून सोडा.' आणि खाली अंगठा. न विचारता, आधीच दिलेला.

बालगुरुकुल म्हणजे आश्रमाच्या मागे बांधलेल्या खोल्या. मुलं तिथंच राहायची, शाळा बंद, आणि आईवडिलांची भेट पौर्णिमेला, तीही दादांनी हो म्हटलं तर.

जुईली स्वयंपाकघरात उभी राहून रडली. आवाज न करता, कारण पोरीनं ऐकलं तर पुढच्या रविवारी तेही गोलात सांगितलं जाणार. मी दिगूसमोर चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोर जाणार नाही," मी म्हटलं.

"आई, तू लाडू खाल्ला नसतास तर..."

"तर आणखी काहीतरी सापडलं असतं. दिगू, तुला पाठवायचं आहे का तिला? दादांचं सोड. तुला?"

त्याच्या चेहऱ्यावर मला असं काहीतरी दिसलं की माझा रागच गेला. त्याला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. ते कुठं शोधायचं हेच तो विसरला होता. पण एक गोष्ट मी मनात धरून ठेवली. दादांना त्यानं होकार कळवला नव्हता. दोन वेळा कौस्तुभ येऊन विचारून गेला, "कळवलंस का रे?" आणि दिगू दोन्ही वेळा म्हणाला, "कळवतो." जो माणूस केस कापायचे तरी लगेच विचारायचा, तो हे मात्र लांबवत होता. मी तेवढ्यावर जीव टांगून बसले.

मी मेडिकलमध्ये गेले आणि प्रभावतीबाईंना म्हटलं, "आता चोरून खाणार नाही."

"मंग उगड खावा," त्या म्हणाल्या. एवढं सोपं!

दत्तजयंतीच्या आधीचा रविवार. सत्यवर्ग करून किमया आणि दिगू आश्रमातून परतले होते. जुईलीनं बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, आमटी आणि भात केला होता. ताटं मांडली, दिगूनं फोटो पाठवला. मी नेहमीप्रमाणे सुई घेतली. आज हात धुवायला उठायचं नाही, सगळ्यांच्या देखत भाकरी मोडायची, असं मी ठरवलं होतं. हात पुढेही केला. तेवढ्यात माझं लक्ष किमयाकडे गेलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आजी, नको," ती हळूच म्हणाली. "अंगठ्याआधी खाल्लं की घरातलं तेज जातं. मग बाबांची नोकरी जाईल परत."

एवढ्याशा पोरीच्या डोक्यात हे भरलेलं होतं. लाडू बघितल्यापासून बिचारी रोज बापाची नोकरी जायची वाट बघत असणार. मी हात मागे घेतला. दादांसाठी नाही, तिच्यासाठी. म्हटलं, येईल पाच मिनिटांत.

आला नाही. आमच्या पुढच्यामागच्या घरांना अंगठे येत होते. फोन वाजायचा, दिगू बघायचा, दुसऱ्याच कुणाच्या ताटाचा असायचा. समोरच्या फ्लॅटमधून भांड्यांचा आवाज आला. म्हणजे कौस्तुभकडे जेवायला बसले. भरितावरचं तेल थिजायला लागलं. दिगूनं फोटो परत पाठवला. मग आणखी एकदा.

माझ्या कपाळावर घाम आला. आधी मला वाटलं संतापानंच आला. मग ताटाची कड दोन-दोन दिसायला लागली आणि मांडीवरचा हात थरथरायला लागला.

"अहो, आईंना काय होतंय बघा!" जुईली ओरडली.

"थांब, मी लिहितो दादांना, एक मिनिट," असं म्हणून दिगू टाइप करायला लागला. माझा मुलगा, माझ्यासमोर, फोनमध्ये मान घालून. मला त्याचा राग आला नाही. मला त्याची फार कणव आली. लहानपणी गणित अडलं की असाच मान घालून बसायचा.

त्यानं लिहिलेलं मला नंतर दाखवलं. 'दादा, आईला साखरेचा त्रास होतोय. इन्सुलिन घेतलंय. कृपया अंगठा द्या.'

निरोप पोचला, वाचला गेला. वरती 'टायपिंग' असं दिसायला लागलं. दिगूच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं झालं. मग उत्तर आलं आणि त्यानं ते मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर त्याला त्याचा अर्थ कळला असावा, कारण शेवटचे शब्द त्याच्या तोंडातून नीट निघालेच नाहीत.

'किमयाचा होकार अजून आला नाही. आधी तो कळवा. मग ताट.'

दिगू स्क्रीनकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी, देव जाणे! मला तोपर्यंत धुरकट दिसत होतं, पण ते बघणं मी ओळखलं. खाली पडून गुडघा फुटला की पळत येऊन असा बघायचा.

त्यानं फोन टेबलावर ठेवला. उठून स्वयंपाकघरात गेला. डबा पडल्याचा आवाज झाला. साखरेचं पाणी घेऊन आला, निम्मं सांडत, आणि माझी मान धरून पेला तोंडाला लावला. "पी आई. पी. पी ना गं." मी प्यायले. मग त्यानं माझ्याच ताटात आमटीभात कालवला आणि घास माझ्या तोंडात घातला. त्याच्या हाताला साखर चिकटलेली होती, म्हणून तो घास गोड लागला. दुसरा. तिसरा. तो घास भरवत होता आणि रडत होता, आणि मध्येच म्हणत होता, "त्यांनी वाचलं होतं गं. वाचून मग लिहिलं."

फोन वाजत होता. जुईलीनं तो उचलला आणि पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

किमया खुर्चीत अंग चोरून बसली होती. "बाबा, आता तेज जाईल?" तिनं विचारलं.

दिगूनं बाहीनं डोळे पुसले. "आजी आधी कशी दिसत होती? आणि आता कशी दिसतेय?"

तिनं माझं तोंड नीट निरखलं. "आता बरी."

"मग झालं तर," दिगू म्हणाला.

संध्याकाळी त्यानं पिठातून फोन काढला, पुसला आणि बाल्कनीत उभा राहून स्वतः दादांना फोन लावला. मी मुद्दाम दारापाशी बसले होते. पलीकडून बराच वेळ शांत, गोड आवाज येत राहिला. दिगू मध्ये मध्ये "हो दादा" म्हणत होता आणि प्रत्येक 'हो'बरोबर मी पदराची गाठ सोडत-बांधत होते. मग तो म्हणाला, "दादा, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत. ते मी विसरणार नाही. पण किमया येणार नाही. आणि ताटाचे फोटोही आता येणार नाहीत." मध्ये दोनदा तो अडला. पण वाक्य त्यानं पूर्ण केलं. मी आयुष्यभर मुलांची पाठांतरं ऐकली. कुणाचं ऐकून मला एवढा आनंद झाला नव्हता.

तासाभरात आम्हाला ग्रुपमधून काढलं. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये लोक मोबाइलमध्ये बघायला लागले. जुईलीची भिशी सुटली. हे सगळं अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते वेगळंच. दिगूला भाजी घेता येईना! फाटकाजवळच्या गाडीपाशी उभा राहायचा, एका हातात गवार, एका हातात दोडका, आणि चेहरा रडवेला. भाजीवाला वैतागायचा. एकदा प्रभावतीबाईंनी दुकानातून हे बघितलं आणि तिथूनच ओरडल्या, "आरं, दोनी घे की! सडली तर सडली. तुजं तूच सडवलं म्हन!" दिगू लाजला, पण त्यानं दोन्ही घेतल्या.

रोज एक एक गोष्ट अशीच शिकावी लागली. चुकायचा, चिडायचा, दाढी करताना तंद्री लागायची. एका सकाळी तो म्हणाला, "आई, फार जड वाटतं गं." मी म्हटलं, "वाटू दे. डोकं वापरात आलं की जड लागतंच." तो हसला. हे हसू वेगळं होतं, त्याची मला भीती वाटली नाही.

दत्तजयंतीच्या सकाळी कौस्तुभ दारात आला. आश्रमाचा पांढरा सदरा, गळ्यात दादांचा बिल्ला. आम्ही तेव्हा पोहे खात होतो. गरम.

"दिग्विजय, अजून वेळ गेलेली नाही," तो म्हणाला. "आज किमयाला घेऊन चल. दादा मोठ्या मनाचे आहेत. माफ करतील."

मला उठून चार शब्द सुनावायचे होते. पण दिगूनं मला हातानंच थांबवलं. त्यानं कौस्तुभकडे बघितलं, रागानं नाही, आणि विचारलं, "तू खाल्लंस का काही?"

कौस्तुभनं नकळत हातातल्या फोनकडे बघितलं. "अजून नाही," तो म्हणाला.

"ये, बस. पोहे आहेत."

कौस्तुभ बसला नाही. पण लगेच गेलाही नाही. दाराच्या चौकटीला टेकून तो पोह्यांच्या कढईकडे बघत राहिला. मग वळला. मी त्या माणसाचा इतके दिवस तिरस्कार केला होता, आणि त्या सकाळी मला त्याच्या पोटाची काळजी वाटली. दोन दिवसांनी त्याची बायको शारदा मला लिफ्टमध्ये एकटी भेटली. दार बंद झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "आई, विचारल्याशिवाय जेवलं की पहिल्यांदा काय होतं?"

"पोट भरतं," मी म्हटलं.

ती हसली नाही. पण खाली उतरताना तिनं माझा हात जरा दाबला. तिची मुलगीही सत्यवर्गात जायची. आता ती रविवारी आमच्याकडे किमयाबरोबर पत्ते खेळते. आई आश्रमात जाते, मुलगी जात नाही. एवढं तर एवढं.

आता त्या रविवारचं सांगते, म्हणजे दत्तजयंतीनंतरचा पहिला. जुईलीनं दुपारी साग्रसंगीत स्वयंपाक केला. मटकीची उसळ, आमटी, भात, कोशिंबीर, पापड. ताटं वाढली. इतके दिवस ज्याला जमेल तसं खाल्लं होतं, ताटं मांडून आम्ही चौघं पहिल्यांदाच बसलो. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, कुणीच हात लावेना. फोटो काढायचा नव्हता, वाट बघायची नव्हती, पण सगळ्यांचे हात मांडीवर. सवय मेली म्हणतात तशी मरत नाही. किमया बापाकडे बघत होती. दिगू माझ्याकडे. जुईली आम्हा सगळ्यांकडे. वाफा वर जात होत्या.

मला एकदम औशाचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. चुलीपाशी मी, शेजारी पाट टाकून भुकेला दिगू, आणि आम्ही दोघं ह्यांच्या चपलांचा आवाज यायची वाट बघतोय. "आई, जेवू?" "थांब, बाबा येऊ देत." माणूस चांगला होता माझा, त्यानं कधी थांबायला सांगितलं नव्हतं. आम्हीच थांबायचो. सासूनं मला शिकवलं, मी पोराला शिकवलं. प्रभावतीबाईंवर रागावून उपयोग नव्हता. बाई खरं बोलली होती.

सुई मी नुकतीच घेतली होती. भूक लागली होती. बाकी कशाची गरज होती?

मी हात पुढे केला, भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदा, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या देखत. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नीट चावला, गिळला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जुईली," मी म्हटलं, "आमटीत मीठ कमी आहे."

मग जुईलीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. "काय सांगता! मी चाखून बघितलंय," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "दोनदा चाखलंय! तुमच्याच जिभेचं काहीतरी बिघडलंय."

"माझी जीभ चांगली आहे. दिगू, तू सांग."

दिगूनं घास घेतला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. एका बाजूला आई, एका बाजूला बायको, आणि वर बघायला कुणी नाही. बिचाऱ्याला घाम फुटला. त्यानं घास गिळला आणि डोळे मिटले.

"कमी आहे," तो म्हणाला. "पण किंचित."

"घ्या!" असं म्हणून जुईलीनं मिठाची बरणी त्याच्यासमोर आपटली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किमयानं कधीच जेवायला सुरुवात केली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.